नवऱ्यामुलाचा चेहरा वाचून त्याचा स्वभाव कळतो का? चिनी मुखसामुद्रिकाविषयी चर्चा

दर्यापार (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी.

नोकरीनिमित्त मी हाँगकाँगमध्ये राहतो. आमच्या कार्यालयातील एका स्थानिक सहकारी मुलीचे लग्न ठरण्याच्या बेतात आहे. मुलगा तिने स्वतः निवडलेला असून दोन्ही घरांच्या भेटीगाठीही झालेल्या आहेत. असे असूनही तिच्या आईने मुलाचे छायाचित्र घेऊन वाँग ताई सिन देवळालगतच्या एका मुखसामुद्रिक पाहणाऱ्या गृहस्थांकडे फेरी मारली, आणि तेथे जे ऐकले त्यावरून घरात सध्या बरीच धुसफूस चालू आहे. मुलाच्या डोळ्यांच्या बाहेरच्या कोपऱ्याशी एक तीळ आहे आणि हनुवटी आखूड आहे, एवढ्यावरून 'हा माणूस संसाराला टिकणार नाही' असे त्या गृहस्थांनी सांगितले म्हणे.

ज्यांनी हे देऊळ पाहिलेले नाही त्यांच्यासाठी सांगतो की, देवळाला लागूनच भविष्य सांगणाऱ्यांचे दीडशेहून अधिक गाळे एका छपराखाली ओळीने मांडलेले आहेत. भाविक आधी देवासमोर बांबूच्या नळीतल्या काड्या हलवून एक काडी पाडतात आणि तिच्यावरचा आकडा घेऊन अर्थ विचारायला या गाळ्यांत येतात. बऱ्याच गाळ्यांच्या दर्शनी भागात माणसाच्या चेहऱ्याचा एक मोठा तक्ता टांगलेला असतो आणि त्या चेहऱ्यावर कानापासून हनुवटीपर्यंत आकडे लिहिलेले असतात. हे आकडे म्हणजे वयाची वर्षे. बालपण कानांवर, पंधरा ते तीस कपाळावर, एकतीस ते चौतीस भुवयांवर, पस्तीस ते चाळीस डोळ्यांवर, एक्केचाळीस ते पन्नास नाकाच्या परिसरात, त्यानंतरची वर्षे तोंडाभोवती आणि म्हातारपण हनुवटीकडे, अशी ही मांडणी आहे. त्यामुळे हनुवटी आखूड असणे म्हणजे उतारवयात आधार नसणे, असा सरळ हिशेब केला जातो.

या विद्येला चिनी भाषेत 'म्येनश्यांग' म्हणतात. मला तीन गोष्टींविषयी जाणकारांची मते हवी आहेत. जावई पारखताना ही मंडळी नेमके काय पाहतात? खुद्द चिनी विचारवंतांचा यावर कितपत विश्वास होता? आणि पुरुष बायकोशी कसा वागेल, याविषयी चेहऱ्यावरून खरोखरच काही समजते का? 'सगळे थोतांड आहे' एवढाच एका ओळीचा प्रतिसाद कृपया देऊ नये; तेवढे म्हणायला मीही समर्थ आहे.

मृण्मयी

धागा आवडला. पहिल्या प्रश्नाचे उत्तर मात्र तुम्हीच आधी द्यावे, अशी विनंती आहे. तुम्ही तेथे राहता, तेव्हा त्या बाईंना काय काय सांगितले गेले ते तपशिलाने लिहिले तर चर्चेला धरायला काहीतरी मिळेल. समाजमाध्यमांवर 'चांगल्या नवऱ्याच्या चेहऱ्याची लक्षणे' अशा चित्रफिती मीही पाहिलेल्या आहेत. त्यांपैकी कोणती लक्षणे जुनी आहेत आणि कोणती कालपरवा जोडलेली आहेत, हे कळण्यास काही मार्ग नाही.

दर्यापार

मृण्मयी, मला समजले तेवढे मांडतो.

चेहरा आधी आडवा तीन भागांत विभागतात. केसांच्या रेषेपासून भुवयांपर्यंतचा भाग तारुण्याचा, भुवयांपासून नाकाच्या शेंड्यापर्यंतचा मधल्या वयाचा आणि त्याखालचा म्हातारपणाचा. तिन्ही भाग उंचीने साधारण सारखे असावेत, ही पहिली अपेक्षा. त्यानंतर चेहऱ्यावर पाच पर्वत पाहतात. कपाळ, नाक, हनुवटी आणि दोन्ही गालफडे यांना चीनमधल्या पाच पवित्र पर्वतांची नावे दिलेली आहेत आणि मधला पर्वत, म्हणजे नाक, इतरांच्या तुलनेत एकटा उंच पडू नये असे मानतात. यापुढे बारा स्थाने येतात. दोन भुवयांमधली जागा आयुष्याची, नाक पैशाचे, भुवया भावंडांच्या, डोळ्यांखालचा भाग मुलाबाळांचा, भुवई आणि डोळा यांच्यामधला भाग घरादाराचा, हनुवटी हाताखालच्या माणसांची. लग्नाचे स्थान डोळ्यांच्या बाहेरच्या कोपऱ्यापासून कानशिलाकडे जाणारे. तेथे हसताना ज्या सुरकुत्या पडतात त्यांना 'माशाची शेपटी' असे म्हणतात. ही जागा भरलेली, तुकतुकीत आणि डाग, तीळ, व्रण यांच्यापासून मुक्त असावी.

जावयाच्या बाबतीत प्रत्यक्षात जे बोलले जाते ते असे. भुवई डोळ्यापेक्षा थोडी लांब आणि एका दिशेने वळलेल्या केसांची असेल तर माणूस नात्यांना जपणारा. भुवयांमध्ये दोन बोटे मावतील एवढी जागा असेल तर मन मोकळे. भुवया जुळलेल्या असतील तर मनात कुढणारा. नाकाच्या दांड्यावर मध्येच गाठ असेल तर हट्टी, शेंडा गरुडाच्या चोचीसारखा वाकलेला असेल तर कावेबाज. ओठ पातळ असतील तर माया पातळ. डोळे पाणीदार, किंचित लालसर झाक असलेले आणि कायम हसरे असतील तर त्यांना 'पीच फुलाचे डोळे' म्हणतात आणि असा जावई सासूला नको असतो. बुबुळाच्या खाली पांढरा भाग दिसत असेल तर आतल्या गाठीचा. मागून पाहताना कानाच्या पलीकडे जबड्याचे हाड डोकावत असेल तर अशा माणसाशी व्यवहारच नको, अशी तर म्हणच प्रचलित आहे.

पुरुषाची डावी बाजू आणि स्त्रीची उजवी बाजू आधी पाहण्याचा संकेत आहे. त्या मुलाचा तीळ डाव्या बाजूला आहे, एवढ्यावरून आईने हाय खाल्ली.

बखरवाला

दर्यापार यांनी विषय चांगला काढला. चेहरा पाहून जावई निवडल्याचे चिनी इतिहासातले सर्वांत गाजलेले उदाहरण सिमा चिएन या इतिहासकाराने नोंदवून ठेवलेले आहे आणि तुमच्या तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर मला तरी त्यातच दिसते, म्हणून ते जरा सविस्तर सांगतो.

इसवीसनापूर्वीच्या तिसऱ्या शतकाच्या शेवटी, छिन राजवटीच्या काळात, ल्यू नावाचे एक प्रतिष्ठित गृहस्थ शत्रूंपासून बचाव करण्यासाठी पेई नावाच्या गावी आपल्या मित्राकडे आले. हा मित्र तेथला दंडाधिकारी होता. पाहुण्यांच्या स्वागतासाठी गावातल्या मान्यवरांनी मेजवानी ठेवली आणि हजार नाण्यांपेक्षा कमी आहेर आणणाऱ्यांनी खालच्या बाजूला बसावे, असा नियम कारभाऱ्याने लावला. लिऊ बांग हा तेव्हा एका ठाण्याचा किरकोळ अंमलदार होता आणि त्याच्या खिशात एक नाणेही नव्हते. त्याने आहेराच्या चिठ्ठीवर बेधडक 'दहा हजार' असे लिहून दिले. ल्यू महाशय चकित होऊन दारापर्यंत सामोरे गेले आणि त्याचा चेहरा पाहताच त्यांनी त्याला मानाच्या जागी बसवले. सिमा चिएनने त्याचे वर्णन उंच नाकाचा, राजलक्षणी मुद्रेचा आणि सुंदर दाढी असलेला असे केले आहे. 'हा लिऊ फक्त मोठमोठ्या गप्पा मारतो, याच्या हातून काही होत नाही,' असे कारभाऱ्याने सांगूनही त्यांचे मत बदलले नाही. मेजवानी संपल्यावर त्यांनी डोळ्यांनी खुणावून त्याला थांबवून घेतले आणि सांगितले की, मला तरुणपणापासून माणसांचे चेहरे पाहण्याचा नाद आहे, पुष्कळ पाहिले, पण तुमच्यासारखा पाहिला नाही. माझी मुलगी तुम्हाला देतो.

त्यांची बायको संतापली. मुलीला मोठ्या माणसाच्या घरी द्यायचे असे तुम्हीच म्हणत होता, प्रत्यक्ष दंडाधिकाऱ्याने मागणी घातली तेव्हा नकार दिलात आणि आता या लिऊला देता, असे तिने विचारले. 'हे बायकापोरांना समजण्यासारखे नाही,' असे म्हणून त्यांनी विषय संपवला.

पुढे लिऊ बांग हान राजवंशाचा संस्थापक सम्राट झाला आणि ती मुलगी सम्राज्ञी ल्यू झी झाली. सासऱ्याचे भाकीत खरे ठरले, असे म्हणून गोष्ट बहुधा येथेच थांबवली जाते. परंतु नवरा म्हणून हा माणूस कसा होता? लग्नाबाहेरच्या एका स्त्रीपासून त्याला थोरला मुलगा होता. इ.स.पू. २०५ मध्ये पंगचंगच्या लढाईत पराभव झाल्यावर पळून जाताना रथ हलका व्हावा म्हणून त्याने स्वतःच्या मुलाला आणि मुलीला रथातून खाली ढकलले, तेही एकदा नव्हे. सारथ्याने त्यांना पुन्हापुन्हा उचलून घेतले म्हणून ती वाचली. बायको आणि वडील शत्रूच्या हाती सापडले आणि दोनेक वर्षे ओलीस राहिले. सिंहासनावर बसल्यानंतर त्याची मर्जी छी नावाच्या दुसऱ्या स्त्रीवर जडली आणि ल्यू झीच्या मुलाचे युवराजपद काढून तिच्या मुलाला देण्याचा घाट त्याने घातला. त्या वैरातून पुढे सम्राज्ञीने जे क्रौर्य केले, ते येथे लिहिण्याची इच्छा नाही.

माझे म्हणणे एवढेच आहे की, ल्यू महाशयांनी चेहऱ्यात भाग्य वाचले, स्वभाव वाचला नाही. आणि जुन्या काळी कोणाला स्वभाव वाचून हवाही नव्हता.

ठाणेकर काका

बखरवाला, कथा रंगवून सांगितलीत, पण निष्कर्ष पटला नाही. ज्या काळात मुलगी देताना घराण्याचे भले पाहिले जाई, त्या काळाच्या मापाने सासऱ्याने योग्यच निवड केली. आमच्या आजोबांनीही आत्याला स्थळ पाहताना 'मुलगा हसून बोलतो का' असे विचारले नव्हते. शेती किती, भाऊ किती आणि घरात व्यसन आहे का, एवढेच विचारले होते. शिवाय भाग्य आणि स्वभाव या इतक्या वेगळ्या गोष्टी आहेत काय? खिशात दमडी नसताना दहा हजार लिहून देणारा माणूस पुढे कसा वागेल, हे त्या चिठ्ठीवरच दिसत होते.

बखरवाला

काका, अगदी तेच मला म्हणायचे आहे. ते चिठ्ठीवर दिसत होते, नाकावर नव्हे. कारभाऱ्याला ते दिसले आणि बायकोलाही दिसले. न दिसणारा एकटा माणूस म्हणजे ज्याला मुखसामुद्रिक येत होते तो.

उंबरठा

मी चिनी भाषेची विद्यार्थिनी होते आणि या विषयावरचे काही मूळ मजकूर वर्गात वाचलेले आहेत, म्हणून थोडी भर घालते.

दर्यापार यांनी ज्याला लग्नाचे स्थान म्हटले आहे, त्याचे जुन्या ग्रंथांतले नाव 'पत्नी आणि उपपत्नी यांचे स्थान' असे आहे. 'पती-पत्नी स्थान' हे आजच्या पुस्तकांनी केलेले सभ्य रूप. त्या स्थानाविषयीच्या जुन्या ओळी वाचल्या की हा ग्रंथ कोणासाठी लिहिला गेला ते लगेच ध्यानात येते. ही जागा तुकतुकीत आणि सुरकुत्यांविना असेल तर बायको, स्त्रीला आवश्यक मानलेल्या चारही गुणांनी संपन्न, मिळेल. भरलेली आणि सपाट असेल तर पेट्या भरून संपत्ती घेऊन येणारी बायको मिळेल. खोल गेलेली असेल तर हा माणूस 'कायम नवरदेव' राहील, म्हणजे बायका मरत जातील आणि हा पुन्हापुन्हा बोहल्यावर चढेल. माशाच्या शेपटीवर रेघा फार असतील तर बायकोला वाईट मरण येण्याचा धोका. या सगळ्या ओळींत पुरुषाचा चेहरा पाहिला जातो खरा, पण 'मला बायको कशी मिळेल' हे त्या पुरुषाला सांगण्यासाठी. तो स्वतः कसा वागेल, हे सांगणारी ओळ जवळजवळ एकच आहे: तेथे काळा तीळ आणि तिरकी रेघ असेल तर बाहेरच्या संबंधांची ओढ आणि मनात वासना अधिक. तुमच्या सहकारी मुलीच्या आईला त्या गाळ्यात बहुधा हीच ओळ ऐकवली गेली असावी.

मुलींच्या चेहऱ्याविषयी मात्र ग्रंथांचा हात सढळ आहे. नवऱ्याला भरभराट आणणारी मुद्रा आणि नवऱ्याला मारक ठरणारी मुद्रा अशी सरळ वर्गवारीच आहे. गालफडे वर आलेली असतील तर ती बाई सुरीशिवाय नवऱ्याला मारते, अशी म्हण आजही ऐकू येते. आपल्याकडे मूळ नक्षत्रावर जन्मलेल्या मुलीला 'सासऱ्याला वाईट' म्हणून नाकारणाऱ्या घरांना हे ओळखीचे वाटेल.

प्रत्यक्ष प्रथेतही पाहणी मुलीचीच होत असे. सुंग राजवटीच्या राजधानीच्या आठवणी लिहिणाऱ्या, बाराव्या शतकातल्या एका पुस्तकात नोंद आहे की, मुलाकडची बाई किंवा नातेवाईक मुलीच्या घरी जाऊन तिला पाहत. पसंत पडली तर तिच्या केशभूषेत एक आकडा खोवत. पसंत पडली नाही तर रेशमी कापडाचे एकदोन तागे ठेवून निघून जात. हे तागे कशासाठी, तर मुलीच्या मनाला बसलेला धक्का निवावा म्हणून. आपल्याकडे नुसते 'कळवतो' म्हणून उठतात, त्यापेक्षा हे बरे म्हणायचे.

तेव्हा आज एखादी आई जावयाचा चेहरा वाचून घेऊ पाहते, हा मला त्या परंपरेतला उलटा प्रवाह वाटतो आणि त्याबद्दल तिच्याविषयी थोडी सहानुभूतीही वाटते. हत्यार मात्र तिने चुकीचे उचलले आहे.

सांख्यिक

तिसऱ्या प्रश्नावर आधुनिक संशोधनाची बाजू मांडतो.

प्रिन्स्टन विद्यापीठात विलिस आणि टोडोरॉव्ह यांनी २००६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात लोकांना अनोळखी चेहरे सेकंदाच्या दहाव्या भागाइतकाच वेळ दाखवले होते. तेवढ्यातच लोकांनी 'विश्वासू', 'आक्रमक', 'कर्तबगार' अशी मते बनवली. जास्त वेळ दिल्यावर ती मते फारशी बदलली नाहीत. आपल्या मताविषयीचा आत्मविश्वास तेवढा वाढला. म्हणजे चेहरा वाचण्याची खोड माणसाच्या अंगातच आहे, त्यासाठी तक्ता टांगावा लागत नाही. ते वाचन बरोबर असते असे मात्र यातून सिद्ध होत नाही.

नवऱ्याच्या निष्ठेविषयी थेट अभ्यासही झालेला आहे. ऑस्ट्रेलियातील संशोधकांनी २०१९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात सुमारे दीड हजार लोकांना स्त्री-पुरुषांची छायाचित्रे दाखवून 'ही व्यक्ती जोडीदाराशी प्रतारणा करणारी वाटते का' असे विचारले. त्या व्यक्तींनी स्वतःच्या वर्तनाविषयी दिलेल्या कबुलीशी ही मते ताडून पाहिली. पुरुषांच्या चेहऱ्यांबाबत लोकांचा अंदाज निव्वळ योगायोगापेक्षा थोडा बरा निघाला, स्त्रियांबाबत मुळीच नाही. परंतु 'थोडा बरा' याचा अर्थ नीट समजून घेतला पाहिजे. पुरुषापुरुषांत वर्तनाचा जो फरक होता, त्यातला जेमतेम चार ते आठ टक्के भाग लोकांच्या अंदाजातून उलगडत होता. आणि हे अंदाज मुख्यतः चेहरा किती मर्दानी दिसतो यावर बेतलेले होते. तीळ, सुरकुत्या किंवा हनुवटीची उंची यांचा त्यात संबंध नव्हता. भरदार जबड्याच्या कितीतरी एकनिष्ठ पुरुषांवर अशा अंदाजाने अन्याय होईल आणि नाजूक चेहऱ्याचे कितीतरी लबाड सुटतील. तेव्हा एका विशिष्ट मुलाविषयी निर्णय घेण्यासाठी हा आधार निरुपयोगी आहे, असे संशोधकाच्या नात्याने नि:संकोच म्हणता येईल.

तैपेईस्थित

मी या विद्येचा पुरस्कर्ता नाही, पण तैपेईत एका वृद्ध शिक्षकांकडे सुलेखन शिकत असताना त्यांच्याकडून या विषयावर पुष्कळ ऐकलेले आहे, आणि वरच्या चर्चेत तिची एक बाजू राहून गेली आहे असे वाटते.

तीळ आणि नाक ही या विद्येची बाराखडी आहे. मुरलेले जाणकार तिला फारसे महत्त्व देत नाहीत. त्यांच्या मते हाडाची ठेवण ही मिळालेली वस्तू; खरे वाचायचे ते डोळ्यांतले चैतन्य, चेहऱ्यावरचा बदलता रंग, आवाज आणि हालचाल. मिंग काळातल्या मोठ्या संग्रहग्रंथात माणूस चालतो कसा, बसतो कसा, झोपतो कसा आणि जेवतो कसा, यावर स्वतंत्र प्रकरणे आहेत. एकोणिसाव्या शतकातले सेनापती आणि प्रशासक झंग ग्वोफान यांच्या नावावर माणसे पारखण्याची जी सूत्रे सांगितली जातात, त्यांची सुरुवात 'सरळ की वाकडा ते डोळ्या-नाकात पाहा, खरा की खोटा ते ओठांत पाहा' अशी होते. पण शेवट असा आहे की, माणसाच्या विचारात शिस्त आहे की नाही हे पाहायचे असेल तर सगळे त्याच्या बोलण्यात आहे.

आमचे शिक्षक छायाचित्रावरून काही सांगायला साफ नकार देत. कोणी मुलगा दाखवायला आणला की ते त्याला चहा पाजत आणि तासभर भलत्याच गोष्टी बोलत बसत. त्याची बायको किंवा वाग्दत्त वधू बोलत असताना तो तिच्याकडे पाहतो की टेबलाकडे, तिचे वाक्य तो पुरे होऊ देतो का, चहा सांडला तर आधी कपडा शोधतो की दोष कोणाचा ते शोधतो, हे ते न्याहाळत असत. मुलगा गेल्यावर मात्र निर्णय सांगताना ते भुवयांची आणि नाकाचीच भाषा वापरत, कारण ऐकणाऱ्या आईवडिलांना तीच पटत असे.

दुसरे असे की, चेहरा बदलतो असेही ही परंपरा मानते. थांग काळातले पंतप्रधान पेई दू यांची कथा चीनमध्ये घरोघर माहीत आहे. तरुणपणी एका जाणकाराने त्यांना तुम्ही उपासमारीने मराल असे सांगितले होते. पुढे एका बुद्धमंदिरात त्यांना कोणाचे तरी मौल्यवान कमरपट्टे सापडले. तुरुंगातल्या बापाला सोडवण्यासाठी ते नेणारी बाई परत येईपर्यंत ते थांबले आणि तिचा ऐवज त्यांनी तिच्या हवाली केला. त्यानंतर तोच जाणकार भेटला तेव्हा चेहरा पालटला आहे, आता तुम्ही फार वर जाल, असे त्याने सांगितले. कथा किती खरी ते सोडून द्या; परंतु वागणूक आधी आणि चेहरा नंतर, हा क्रम या परंपरेनेच मान्य केलेला आहे.

मृण्मयी

तैपेईस्थित, तुमच्या शिक्षकांची चहाची पद्धत मला आवडली, पण मग त्याला मुखसामुद्रिक कशाला म्हणायचे? माणसाच्या वागण्याचे निरीक्षण असे सरळ म्हणावे. पेई दूंच्या कथेतही एक मेख आहे: भाकीत चुकले की 'चेहरा बदलला' म्हणायचे, म्हणजे जाणकार कधी चुकतच नाही.

बखरवाला

मृण्मयी यांचा आक्षेप फार जुना आहे, आणि येथे धाग्याच्या दुसऱ्या प्रश्नाचेही उत्तर मिळते. इसवीसनापूर्वीच्या तिसऱ्या शतकात शुन्झी या कन्फ्यूशियन विचारवंताने 'मुखलक्षणांच्या विरोधात' असे एक संपूर्ण प्रकरण लिहिलेले आहे. रूप पाहण्यापेक्षा मन जाणणे बरे आणि मन जाणण्यापेक्षा माणसाने कोणता मार्ग धरला आहे ते पाहणे बरे, अशी त्याची मांडणी आहे. खुद्द कन्फ्यूशियसच्या तोंडी, रूपावरून पारख केल्याने ज-यू नावाच्या शिष्याच्या बाबतीत माझी चूक झाली, असे उद्गार सिमा चिएननेच दिलेले आहेत. हा शिष्य दिसायला अगदीच कुरूप होता आणि पुढे मोठा झाला. उलट बाजूला, पहिल्या शतकातला वांग छुंग, जो एरवी भुताखेतांच्या समजुतींची साले काढतो, त्याने हाडांच्या लक्षणांवर मात्र विश्वास ठेवलेला आहे. त्यामुळे 'चिनी लोक हे मानतात' किंवा 'मानत नाहीत' असे सरसकट विधान करता येत नाही. हे भांडण त्यांच्या घरात दोन हजारांहून अधिक वर्षे चालू आहे. साम्यवादी राजवटीने १९६६ नंतर या विद्येला 'चार जुनाटां'त (जुने विचार, संस्कृती, चालीरीती आणि सवयी) घालून ती मोडीत काढण्याचा प्रयत्न केला, तरी हाँगकाँग आणि तैवानमध्ये ती अखंड राहिली.

दर्यापार

सर्वांचे आभार. काल त्या सहकारी मुलीशी सविस्तर बोलणे झाले आणि एक वेगळीच बाब पुढे आली, ती येथे मांडतो.

मुलाचा तीळ आईने आधीच्या भेटींत अनेक वेळा पाहिलेला होता आणि तेव्हा त्याबद्दल चकार शब्द काढला नव्हता. गाळ्यात जाण्याचे सुचले ते मुलाच्या घरच्यांनी 'सुरुवातीची काही वर्षे दोघांनी आमच्याकडेच राहावे' असे सुचवल्यानंतर. हाँगकाँगमध्ये घरांच्या किमती किती आहेत हे येथल्या वाचकांना सांगायला नको. मुलाला स्वतःचे घर घेणे नजीकच्या काळात शक्य नाही. आईची खरी हरकत ती आहे. पैशावरून मुलगा नाकारला तर मुलगी भांडेल आणि व्याह्यांचा अपमान होईल. चेहऱ्यावरून नाकारला तर कोणाचाच दोष नाही, नशिबाचा आहे. आपल्याकडे स्थळ नको असले की 'पत्रिका जुळत नाही' असे कळवतात, त्याचाच हा चिनी अवतार आहे, असे मला वाटू लागले आहे.

ठाणेकर काका

हे मात्र शंभर टक्के पटले. आमच्या पिढीत पत्रिकेने कितीतरी घरांची अब्रू झाकली. हुंडा परवडत नाही, मुलगा बेताचा आहे, मुलीचे दुसरीकडे मन आहे, यातले काहीही असले तरी कळवायचे एकच. ऐकणाऱ्यालाही खरे कारण ठाऊक असे आणि तोही मान हलवून गप्प बसे. तेव्हा त्या माउलीला उगीच अंधश्रद्ध ठरवू नका.

उंबरठा

काका, अब्रू झाकली जाते हे मान्य, परंतु त्याची किंमत त्या मुलाला मोजावी लागते. 'घर नाही' हे दोन-चार वर्षांत बदलू शकते. 'डोळ्यांत प्रतारणा आहे' हा शिक्का एकदा बसला की तो प्रत्येक वेळी उशिरा घरी आल्यावर आठवतो. लग्न झाले तरी ती सासू त्या तिळाकडेच पाहत राहणार. हाँगकाँगमध्ये तीळ काढून घेण्याचा धंदा जोरात चालतो तो काही उगीच नव्हे.

दर्यापार, तुमच्या मैत्रिणीला माझा निरोप सांगा. आईशी तिळावर वाद घालू नये. दोघांनी मिळून घराचा हिशेब कागदावर मांडावा, भाड्याने राहायचे झाल्यास महिन्याला किती जातील आणि सासरी राहिल्यास किती वाचतील ते लिहावे, आणि तो कागद घेऊन आईसमोर बसावे. मुलालाही त्या वेळी बरोबर न्यावे. पैशाची अवघड गोष्ट होणाऱ्या सासूसमोर बोलताना तो तिला उत्तर देऊ देतो की स्वतःच सगळे बोलतो, हे तिला समोरासमोर पाहता येईल.

तैपेईस्थित

उंबरठा यांच्याशी सहमत. फक्त आई पुन्हा त्याच गाळ्यात जाणार असेल तर मुलालाच बरोबर घेऊन जावे. छायाचित्रावरून लग्न मोडणारे गृहस्थ माणूस समोर बसला की बरेच सौम्य बोलतात, असा अनुभव आहे.

दर्यापार

दोन्ही सूचना तिच्यापर्यंत पोहोचवतो. घराच्या हिशेबाचा कागद तिला नक्की पटेल, कारण ती आमच्या लेखा विभागातच आहे. पुढच्या आठवड्यात दोन्ही घरांचे एकत्र जेवण ठरले आहे. त्यानंतर काही सांगण्यासारखे असल्यास आणि तिची हरकत नसल्यास येथेच लिहीन.